चांगला झालेला तास

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. घरी नाही, बहिणीला नाही, देवासमोर हात जोडतानाही नाही — तिथेसुद्धा मी दुसऱ्याच गोष्टी मागत राहिले.

मी याद्या करणारी बाई आहे. बाजाराची यादी, पावसाळ्याच्या बेगमीची यादी, परीक्षेच्या कामांची यादी. एकेक काम खोडलं की मला बरं वाटतं. हे लिहायलाही आधी मुद्देच काढायला बसले होते. पहिला मुद्दा लिहिला आणि पुढे हात चालेना. याचे मुद्दे होत नाहीत.

रत्नागिरीत कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवते. शिकवते म्हणजे काय करत होते? टिपणं सांगत होते, मुलं उतरून घेत होती. त्याच टिपणांवर ती पास होत आणि पुढच्या वर्षी मी तीच टिपणं पुन्हा सांगे. एम.ए.ला आम्हाला विषय शिकवला होता, तो शिकवायचा कसा हे कुणी शिकवलं नव्हतं. या दशकाच्या सुरुवातीला विद्यापीठाने प्राध्यापकांसाठी अध्यापनाचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम काढला, तेव्हा आमच्या कॉलेजातून एकटीने मी अर्ज केला. सुट्टीत मुंबईला व्याख्यानं, एरवी आपल्याच वर्गात प्रयोग, एक प्रकल्प, आणि शेवटी बाहेरचा परीक्षक मागच्या बाकावर बसून तुमचा एक तास बघणार. विभागप्रमुखाची जागा रिकामी होणार होती, हेही मला ठाऊक होतं. पण खरंच सांगते — मला चांगलं शिकवायचंही होतं. दोन्ही खरं असू शकतं ना?

त्या अभ्यासक्रमात एक गोष्ट मनावर कोरली गेली. प्रश्न विचारला की थांबा. उत्तर लगेच आलं नाही तर स्वतःच देऊन टाकू नका. वर्गातली शांतता सहन करायला शिका, त्या शांततेत कुणीतरी विचार करत असतं.

मी परत येऊन थांबू लागले. आणि वनिता बोलू लागली.

वनिता मंडणगडकडच्या एका खेड्यातली. वडील मुंबईला नोकरीत, म्हणून ती इथे मामाकडे राहून शिकत होती. मामा एसटीत कंट्रोलर, कडक माणूस. शिकशील तोवर ठेवीन, नाटकं केलीस तर गाडीत बसवून देईन, असं त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. इतर मुलं मला मॅडम म्हणत, ही शाळेच्या सवयीने बाई म्हणे. वर्षभर तिचा आवाज मी ऐकला नव्हता. एकदा मी विचारलं, भाव वाढला की मागणीचं काय होतं? कुणी बोलेना. मी थांबले. खूप वेळाने ती उभी राहिली, एकेक शब्द शोधत म्हणाली, "घरी जावई यायचा असला तर कुणी भाव बघत नाही, बाई."

नियमाला अपवाद असतात, हे मी पुढच्या आठवड्यात सांगणार होते. तिने ते स्वतःहून काढलं होतं.

माझा प्रकल्प वर्गात गप्प बसणाऱ्या विद्यार्थ्यांवर होता. तो तिच्यावरच उभा राहिला. नाव न घालता मी 'एक विद्यार्थिनी' असं लिहिलं. ती कशी उभी राहिली, कशी बोलू लागली, सगळं. मार्गदर्शकांना तो भाग फार आवडला.

पण ती हळू बोलायची. फार हळू. आमच्या स्टाफरूममधले एकजण म्हणायचे, "तुमची वनिता म्हणजे मंडणगडची गाडी. सुटते कधी नि पोचते कधी." सगळे हसत. मीही हसले आहे.

परीक्षकाच्या तासाचा आराखडा मी मिनिटांच्या हिशेबाने बसवला होता. कुठे प्रश्न, कुठे फळ्यावर आकृती, कुठे सारांश. तुम्हाला शाळेतली तपासणी आठवते? साहेब येणार म्हटलं की कच्च्या मुलांना मास्तर सांगत, उद्या घरीच राहा. आमच्याकडे यात कुणाला वावगं वाटत नसे. मुलांनाही नाही — सुट्टी मिळाली म्हणून ती खूश. मी त्या पद्धतीतच वाढले होते. आणि तीच पद्धत मोडायला मी अभ्यासक्रमाला गेले होते.

आदल्या दिवशी जिन्यात, वर्गातल्या मुली ये-जा करत असताना, वनिताला थांबवून मी म्हटलं, उद्या तू येऊ नकोस. तिने का म्हणून विचारलं नाही. मान हलवली. तिला कळलं होतं.

तास उत्तम झाला. प्रश्नाला उत्तर, उत्तराला पुढचा प्रश्न, घंटेच्या आधी सारांश. परीक्षकांनी नंतर प्रकल्प चाळत विचारलं, यातली ती विद्यार्थिनी कोणती? वर्गातून मुली बाहेर पडत होत्या. मी त्यांतल्या एका चुणचुणीत मुलीकडे बोट दाखवलं. ते खूश झाले. म्हणाले, ओळखूही येत नाही हो, कधी गप्प असेल असं.

इथपर्यंतचं सांगून थांबता आलं असतं. एका मुलीचा एक तास बुडवला, परीक्षकाला एक थाप मारली. असं पुष्कळजण करतात. पण मला सांगायचं आहे ते हे नाही. मी अजून त्याच्या कडेकडेनेच चालले आहे, नाही का?

त्या दिवशी वनिता घरी राहू शकली नव्हती. मामीने का म्हणून विचारलं असतं. काय सांगणार, बाईंना मी वर्गात नको आहे? म्हणून ती रोजच्यासारखी डबा घेऊन निघाली आणि कॉलेज सुटेपर्यंत मांडवीच्या जेटीवर बसून राहिली. मामाच्या शेजाऱ्याने तिला तिथे पाहिलं. तरुण मुलगी, कॉलेजच्या वेळेत, समुद्रावर. तो घरी काय बोलला असेल, हे तुम्हाला सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी मामा तिला घेऊन स्टाफरूममध्ये आला. खाकी कपड्यांत, ड्यूटीवरून तसाच. प्राचार्य तिथेच बसले होते. माझा तास किती छान झाला, हेच सांगत होते. परीक्षकांचा अहवाल अजून विद्यापीठाकडे जायचा होता. वनिता दाराशी उभी राहिली.

मामा नम्रपणे म्हणाला, "मॅडम, एकच विचारायचं होतं. काल तुम्ही हिला येऊ नको म्हणून सांगितलंत काय? ही तसं म्हणते. मला काही पटत नाही."

वनिता माझ्याकडे बघत होती. घाबरून नाही. ती वाट बघत होती. मी तिच्यासाठी थांबायचे ना वर्गात, अगदी तशी. बाईंना शब्द सापडायला वेळ लागेल, पण सापडतील, अशी.

मला शोधावे लागले नाहीत. मी म्हटलं, "मी कशाला असं सांगेन? काल तिची गैरहजेरी लागली आहे."

मग वनिता म्हणाली, "बाई म्हणतात तसंच असंल, मामा."

या वेळी ती अजिबात हळू बोलली नाही.

मामाने माझी माफी मागितली. "आमच्याच पोरीचं चुकलं, मॅडम. तुमचा वेळ घेतला." ते दोघं जिना उतरून गेले. कुणीतरी चहा मागवला. मी तो प्यायले.

त्याच आठवड्यात मामाने तिला मंडणगडच्या गाडीत बसवून दिलं. पावसाळ्यापूर्वी तिचं लग्न झालं, हे वर्गातल्या एका मुलीकडून कळलं. कुठे दिलं, मी विचारलं नाही. वर्गातल्या सगळ्यांना खरं ठाऊक होतं. एकानेही कधी विषय काढला नाही. ते शिक्षणही त्यांना माझ्याकडूनच मिळालं.

मला पदविका मिळाली, पहिल्या वर्गात. विभागप्रमुखाची जागाही मिळाली. तो प्रकल्प कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. नवे प्राध्यापक त्या अभ्यासक्रमाला जाण्याआधी तो वाचतात आणि मला भेटायला येतात. त्या विद्यार्थिनीचं पुढे काय झालं, असं कुणीकुणी विचारतं. मी म्हणते, चांगलं झालं.

मग मी त्यांना शिकवते. प्रश्न विचारल्यावर थांबावं कसं, ते दाखवते. हे मला फार छान जमतं, असं सगळेजण म्हणतात.