बेट्टा दिसला की लॉरी निघते

डिसेंबर लागला की शिवाजीरावांची लॉरी चामुंडी बेट्ट्याच्या मर्जीनं निघते. बेट्टा म्हणजे डोंगर. म्हैसूरच्या नजरबादेतल्या आमच्या गच्चीवरून त्याच्या माथ्यावरचं गोपुर दिसलं की निघायचं. धुक्यात दडलेलं असलं की कॉफी प्यायची, आणि तरीही नाही दिसलं तर आणखी एक कॉफी. माल कुणाचाही असो, घाई कितीही असो. अडतीस वर्षं हा नेम चालू आहे आणि अडतीस वर्षांत त्यांच्या लॉरीचा कुणाला साधा धक्का लागलेला नाही.

मी त्यांच्या माडीवर भाड्यानं राहतो. मूळचा साताऱ्याचा, नोकरी विमा कंपनीत, काम अपघात झालेल्या गाड्या तपासण्याचं. रोज चेपलेलं लोखंड बघून माझा स्वभाव जरा किरकिरा झालाय, असं बायको म्हणते. ‘जरा’ हा शब्द ती फक्त माझ्यासमोर वापरते. शिवाजीरावांचं घराणं मात्र पाच-सहा पिढ्या म्हैसुरातलं. घरात मराठीच बोलतात, पण एका वाक्यात दोनदा कन्नडात जाऊन येतात. पहिलं वर्षभर मी नुसती मान डोलवत होतो.

गेल्या जानेवारीत त्यांचा मुलगा सुधींद्र वर आला. तो एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि बापासारखाच मोजकं बोलतो.

“हरिहर सर, अप्पांबरोबर एक ट्रिप माराल का? मला वाटतंय त्यांना नीट दिसत नाही. हल्ली आठ-आठ वाजेपर्यंत बेट्टा दिसत नाही म्हणून बसून राहतात. बासष्ट वय झालं. तुम्ही रोज हेच बघता. तुम्ही ‘बस’ म्हणालात की मी त्यांना लॉरी विकायला लावतो.”

म्हणजे शिवाजीरावांची लॉरी माझ्या एका शब्दावर आली. मला अवघडल्यासारखं झालं, पण खोटं कशाला बोलू, थोडं मोठेपण आल्यासारखंही वाटलं. लॉरी जाणार होती त्या सोसले गावी माझंही काम आहे अशी थाप मारून मी दुसऱ्याच दिवशी सकाळी साडेसहाला खाली उतरलो.

लॉरीत पेंडीची पोती भरलेली होती. सोसल्याच्या एका गोठ्यावर ती पोचवायची होती. शिवाजीराव गच्चीवर स्वेटर-मफलर घालून उभे. बेट्ट्याच्या जागी नुसता पांढरा पडदा. त्यांच्या पत्नी जयलक्ष्मीअम्मांनी पहिली कॉफी आणली, मग दुसरी. सात वाजले, सव्वासात झाले.

“काका, रस्ता दिसतोय की,” मी म्हणालो.

“हा रस्ता दिसतो ओ सर, पुढचा दिसायला नको? स्वल्प थांबा.” स्वल्प म्हणजे थोडं. ते थोडं साडेसातपर्यंत चाललं. मग गोपुराचं टोक वर आलं, त्यांनी हात जोडले आणि आम्ही निघालो. ‘उशीर, विनाकारण’ अशी मी मनातल्या मनात नोंद केली.

वाटेतल्या नरसीपूरपर्यंत ऊन होतं. चाळिसाच्या वर काटा जाईना. मागून येणारा प्रत्येक जण हॉर्न मारून आमचा उद्धार करत पुढे जात होता. शिवाजीरावांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. कावेरीचा पूल ओलांडला आणि नदीवरचं धुकं एकदम आमच्या अंगावर आलं. त्यांनी मोठे दिवे लगेच खाली केले. रेडिओ बंद. दोन्ही काचा खाली. गार वारा आत घुसला आणि माझ्या दातांचा ताशा सुरू झाला.

“काचा लावू या की!”

“सुम्ने बसा, सर,” ते म्हणाले. गप्प बसा, याचं ते सौम्य कन्नड रूप. मी गप्प बसलो. लॉरी बैलगाडीच्या चालीनं सरकत होती.

अर्धा मैल गेलो असू. शिवाजीरावांनी नाक वर केलं, दोनदा वास घेतला आणि लॉरी डाव्या अंगाला पार मातीत उतरवून थांबवली. चारी दिवे लुकलुकत ठेवले. मला समोर काही म्हणजे काही दिसत नव्हतं. मला वाटलं, संपलं. यांना दिसत नाही आणि आता भास व्हायला लागले.

“उतरा,” ते म्हणाले. “हुरळीचा वास येतोय.”

हुरळी म्हणजे आपले हुलगे. आम्ही कडेकडेनं चालत गेलो. चाळीसेक पावलांवर अर्धा डांबरी रस्ता अडवून हुलग्याच्या काडाचा हा एवढा ढीग. या भागात थंडीत पीक रस्त्यावर पसरतात आणि जाणाऱ्या गाड्यांकडून मळून घेतात. रात्री ढीग करून भोवती नारळाएवढे दगड लावतात. असल्या काडावरून घसरलेल्या किती गाड्या मी तपासल्यात! पण मी हादरलो ते दुसऱ्याच गोष्टीनं. ढिगाला टेकून, रस्त्याकडे पाठ करून, करडी कांबळी पांघरलेली एक म्हातारी राखणीला बसली होती. पाच पावलांवर जाईपर्यंत मला ती दगडांतलाच एक दगड वाटत होती.

शिवाजीराव तिला कन्नडात असे काही रागावले की आपल्या आईलाच रागावतायत असं वाटावं. मग तिच्या हाताला धरून तिला बांधावर बसवलं आणि स्वतःचा मफलर तिच्या गळ्यात घातला. आम्ही दोघांनी दगड बाजूला केले, काड कडेला ओढलं.

लॉरीत परत बसल्यावर त्यांनी समोरच्या देवाच्या फोटोमागून एक कागद काढून माझ्या मांडीवर ठेवला. डोळ्यांच्या डॉक्टरांचा. महिन्याभरापूर्वीची तारीख. चष्म्यानं दोन्ही डोळे उत्तम, असं लिहिलेलं.

“सुधीनं पाठवलं तुम्हाला, गोत्तु मला.” गोत्तु म्हणजे ठाऊक. “दर वर्षी दाखवून येतो मी.”

“मग त्याला दाखवला का नाही कागद?”

“विचारला असता तर दाखवलो असतो,” ते म्हणाले. “मलाच विचारायचं होतं ना ओ.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काच धुक्यानं भरली होती, ती ते आतून फडक्यानं पुसत राहिले. धुकं निवळल्यावरच आम्ही हललो.

संध्याकाळी सुधींद्र वर आला. “दिसतं का त्यांना?”

“नाही दिसलं,” मी म्हणालो. “रस्त्यात बसलेली म्हातारी त्यांना दिसली नाही. मलाही दिसली नाही. माझ्या हातात गाडी असती तर आज ती मेली असती. त्यांनी चाळीस पावलं आधी थांबवली.” मग मी त्याला कागदाचं सांगितलं, आणि बापाचं ते शेवटचं वाक्यही, जसंच्या तसं. तो तसाच खाली गेला.

परवा पुन्हा दाट धुकं होतं. सातला गच्चीवर गेलो तर शिवाजीराव नेहमीच्या जागी, आणि शेजारी सुधींद्र, पाठीला ऑफिसची बॅग, हातात स्कूटरची किल्ली, दुसऱ्या हातात कॉफी.

“अप्पा, दिसला का?” त्यानं विचारलं.

“अजून नाही,” शिवाजीराव म्हणाले. “तुझी कॉफी गार होतेय, पी.”