चाकांवरच शिंपडा

सेवेरो वाराचीला गाडी चालवता येत नव्हती. ओरुरो शहरातल्या मोटारींच्या एका शोरूममध्ये त्यानं एकतीस वर्षं काढली, हजारो गाड्यांच्या अंगावरून हात फिरवला, पण स्टिअरिंगमागे कधी बसला नाही. "मला गाडीचं कातडं कळतं, पोट नाही," असं तो म्हणायचा. तो पॉलिशवाला होता आणि त्याच्या हाताला तोड नव्हती. फक्त त्या हातानं आयुष्यभर काय केलं, हे त्यानं घरी कधी सांगितलं नव्हतं.

नवी गाडी ओरुरोत येते ती समुद्राकडून, ट्रकवर लादून, वाटभर पठाराची खारट धूळ खात. शोरूमच्या अंगणात उतरली की धुणारी माणसं एकाच बादलीत तेच फडकं बुडवून दहा गाड्या पुसायची. धुळीचे कण रंगावर घासले जायचे. गाडी उन्हात घेतली की बॉनेटभर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे! मग शोरूमच्या साहेबांची हाक यायची, "सेवेरो, जरा हात फिरव." सेवेरो मशीन लावायचा आणि तेलकट क्रीमनं ते ओरखडे भरून टाकायचा. भरायचा, काढायचा नाही. काढायला अख्खा दिवस जातो, भरायला वीस मिनिटं पुरतात. गाडी आरशासारखी चमकत फाटकाबाहेर पडायची आणि दोन-चार धुण्यांत जाळं पुन्हा वर यायचं. तोवर गाडी गिऱ्हाइकाची झालेली असायची.

घोडं एकदाच अडलं. ओरुरोत नवी गाडी कोरडी घरी नेत नाहीत. चाल्या करावी लागते. धरणीमायच्या नावानं गाडीवर बिअर आणि अल्कोहोल शिंपडायचं, फुलं नि रंगीत कागदाच्या टिकल्या उधळायच्या, मग सोकाव्होनच्या देवळापुढे पाद्रीबाबांकडून तीर्थ घ्यायचं. त्या दिवशी एका बेकरीवाल्यानं उत्साहाच्या भरात सगळी बाटली बॉनेटवर ओतली आणि बाहीनं पुसली. अल्कोहोलनं क्रीम निघालं, जाळं उघडं पडलं. बेकरीवाला आ वासून बघतच राहिला. सेवेरोच्या तोंडून पटकन निघून गेलं, "अल्कोहोलनं रंग जळला, काका. चाकांवरच शिंपडायचं असतं."

साहेबांना हे वाक्य इतकं आवडलं की ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचा शिरस्ताच पडला. जिथं माणसं घराच्या पायापासून नव्या शिलाई मशीनपर्यंत सगळ्याला डोक्यावरून न्हाऊ घालतात, तिथं शोरूमच्या गाड्या मात्र चाकांपुरत्या भिजू लागल्या. बिचारी धरणीमाय! तिलाही सेवेरोनं उंबऱ्याबाहेर थांबवलं.

आणखी एक गोष्ट त्याला सलत असे. इग्नासिया नावाची एक मास्तरीण लाल गाडी घेऊन महिन्याभरात परत आली. बॉनेटवर जाळं. "मी कुठं चुकले हो? मऊ फडक्यानंच पुसत होते," असं म्हणताना तिचे डोळे भरून आले होते. सेवेरो म्हणाला, "बाई, नव्या माणसाच्या हातून होतं असं." आणि तिनंच उलट त्याची माफी मागितली.

सेवेरो निवृत्त झाला. दोन वर्षांनी त्याची मुलगी देल्फिना, तळ्याकाठच्या गावांतून फिरणारी नर्स, त्याच शोरूममध्ये गाडी बुक करून आली. रंग गडद निळा. 

"अगं, पांढरी घ्यायची! निळ्यावर सगळं दिसतं."

"दिसू दे की. लपवायचंय काय?" देल्फिना म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी तो शोरूममध्ये गेला आणि गाडीच्या काचेवर आतून कागद चिकटवून आला. 'धुऊ नये. पुसू नये. प्लास्टिक काढू नये. रिबीन बांधू नये. मालकीण स्वतः सगळं करील.' त्याच्या जागी आता गुमेर्सिंदो होता, चाळिशीचा, त्याच्याच हाताखाली तयार झालेला. सेवेरोनं त्याचा दंड धरला. "गुमेर, एवढी एक गाडी सोड. तिच्यावर हात फिरवू नकोस."

"वस्ताद, तुम्ही सांगितलंत ना? झालं तर मग."

शुक्रवारी सकाळी बाप-लेक डिलिव्हरी घ्यायला गेले. सेवेरोनं ठेवणीतला कोट घातला होता. देल्फिनाच्या हातात फुलांच्या माळा, बिअर आणि अल्कोहोलची बाटली. अंगणात पाऊल टाकताच सेवेरो थबकला. कागद गायब. प्लास्टिक गायब. बॉनेटवर लाल रिबिनीचा हा एवढा फुगा आणि गाडी आरशासारखी चमकत होती. अशी चमक या अंगणात नुसतं धुऊन येत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यानं गुमेरकडे पाहिलं. गुमेर साहेबांच्या शेजारी उभा राहून बुटांची टोकं न्याहाळत होता.

"बाबा, काय सुरेख दिसतेय!" देल्फिना बाटलीचं बूच काढू लागली.

टाय लावलेला विक्रेता रेनान लगबगीनं पुढे आला. "ताई, एक विनंती. रंग नवा आहे, जळेल. चाकांवरच शिंपडा हं."

 इतकी वर्षं जे वाक्य लोकांच्या मुलींना ऐकवलं, ते आज आपल्याच मुलीला ऐकवलं जात होतं. गप्प बसावं तर पोर खोट्या चकाकीवर हसत घरी जाणार आणि महिन्याभरानं स्वतःच्या हातांना दोष देणार, त्या मास्तरणीसारखी. बोलावं तर तिच्या नजरेतून तो उतरणार. 

"रंग जळत नाही," तो म्हणाला.

"काय म्हणालात, काका?"

"रंगबिंग काही जळत नाही. ते वाक्य माझं आहे. मीच बनवलेलं." आता थांबणं त्याच्या हातात नव्हतं. "देल्फिना, या अंगणात पुसताना गाड्यांना ओरखडे पडतात. ते मी क्रीमनं भरून लपवायचो. अल्कोहोलनं क्रीम निघतं, म्हणून चाकांवर. कुणी परत आलं तर सांगायचो, तुमचीच चूक. एका बाईला तर रडवलं मी."

साहेब खाकरले. "सेवेरो, वय झालं तुझं. उन्हात उभा राहू नकोस."

 देल्फिनाच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. मग तिनं आपल्या नर्सच्या पिशवीतून कापसाचा बोळा काढला, बापाच्या हातात कोंबला आणि रिबीन बाजूला फेकली. "ओता. सोक्षमोक्ष लागू दे."

सेवेरोनं अल्कोहोल ओतलं. कापूस फिरवला. सूर्याकडे पाठ करून वाकला, मग डाव्या बाजूनं बघितलं, मग उजव्या. बॉनेट स्वच्छ होतं. एक रेघ नाही. त्यानं पुन्हा ओतलं, दारावर पुसलं. काहीच नाही!

"साहेब धुळीची गाडी बाहेर जाऊ देईनात, वस्ताद," गुमेर हळूच म्हणाला. "दुसऱ्या कुणी हात लावला असता. म्हणून पहाटे पाचला येऊन मीच धुतली. ताजं पाणी, कोरी फडकी, एक एक हातभर जागा. तुम्ही तुमच्या भावाची मोटरसायकल धुवायचात ना, तशी. क्रीमचा थेंब नाही."

सेवेरोला हसावं की रडावं कळेना. चोरी कबूल केली होती आणि चोरीचा माल घरात नव्हता! पण तेवढ्यात मागून आवाज आला, "ए भाऊ, जरा इकडे."

वानुनीच्या खाणीतला कामगार फोर्तुनातो होता तो, आपली काळी पिकअप न्यायला आलेला. म्हाताऱ्यानं सगळं ऐकलं होतं. "माझ्याही गाडीवर ओत."

"त्याची काही गरज नाही," साहेब म्हणाले.

"मी तुम्हाला नाही विचारलं."

सेवेरो घुटमळला. या गाडीवर गुमेरचंच क्रीम असणार आणि इथं त्याची नोकरी होती. त्यानं गुमेरकडे पाहिलं. गुमेरनं या वेळी मान वर केली आणि डोळे मिटून होकार दिला.

"आता पुतळा झालात का, बाबा?" देल्फिना म्हणाली. "ओता की."

पहिल्याच हाताला जाळं वर आलं. काळ्या रंगावर, भर उन्हात, गोल गोल, एकात एक. फोर्तुनातोनं त्यावरून अंगठा फिरवला. "तेहेतीस वर्षं जमिनीच्या पोटात काढून घेतली ही गाडी," तो म्हणाला, आणि साहेबांकडे वळला. "आता?"

साहेबांनी फाटकाकडे बघितलं. तिथं आणखी दोन कुटुंबं माळा घेऊन उभी होती आणि त्यांच्याही हातांत बाटल्या होत्या. "दुरुस्त करून देऊ," ते पुटपुटले. "गुमेर्सिंदो, कर काय ते."

"एकट्याचं काम नाही ते," सेवेरो म्हणाला. त्यानं ठेवणीतला कोट काढून लेकीच्या खांद्यावर टाकला. "गुमेर, मशीन आण. आणि ते तेलकट क्रीम नको, खरखरीत पेस्ट आण. आज भरायचं नाही, काढायचं."

अख्खा दिवस गेला. देल्फिनानं कोपऱ्यावरून सगळ्यांसाठी आपी, म्हणजे मक्याचं गरम जांभळं पेय, आणि पुऱ्या आणल्या, पण बापाशी फारसं बोलली नाही. उन्हं कलताना फोर्तुनातोनं पिकअपवर बिअर नि अल्कोहोल मनसोक्त ओतलं, बाहीनं खसाखसा पुसलं आणि काही म्हणता काही दिसलं नाही. त्यानं उरलेल्या अल्कोहोलचे दोन थेंब सेवेरोच्या बुटांवरही शिंपडले. पुढचं कुटुंब आलं तेव्हा रेनाननं सवयीनं तोंड उघडलं, "चाकांव..." आणि जीभ चावली.

निळी गाडी देवळाच्या रस्त्याला लागली. बॉनेटवरून बिअर ओघळत होती, काचेला टिकल्या चिकटल्या होत्या. सेवेरोच्या मांडीवर उरलेल्या पेस्टचा डबा होता.

"ती रडलेली बाई," देल्फिना रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "कुठं राहते?"

"इग्नासिया मास्तरीण? रेल्वेस्टेशनमागे. लाल गाडी अजून दारात असते, म्हणतात." त्यानं डब्याचं झाकण चाचपलं. "अकरा वर्षं झाली, मी त्या गल्लीतून जात नाही."

"पाद्रीबाबा अंधार पडेपर्यंत असतात ना?"

"असतात."

देल्फिनानं गाडी हळू केली. "मग सांगा, कुठं वळू?"

सेवेरोनं डबा दोन्ही हातांनी घट्ट धरला. "डावीकडे," तो म्हणाला.