लंडनचे पंच

धसईच्या बाजारात तांदळाचा भाव करत होतो. मुरबाडहून आलेल्या एस.टी.चा कंडक्टर जवळ येऊन म्हणाला, "शेट, मनोहरपंत वकील काल गेलं." मी म्हटलं, "बरं." आणि तांदूळ मापून घेतला. त्याला आता महिना झाला.

पंत माझे शाळेपासूनचे मित्र. मी हिरड्याचा व्यापारी. शहापूर-मुरबाडच्या रानातला हिरडा कातडी कमावायला विलायतेला जायचा. स्वातंत्र्याला दहा-बारा वर्षं झाली असतील, तेव्हा लंडनच्या एका पेढीशी मी थेट करार केला. छापील कागदाच्या पाठीवर बारीक अक्षरात कलम होतं: या करारातून निघणारा कोणताही वाद लंडनच्या लवादापुढे जाईल. पंतांनी ते मला समजावलं. "लवाद म्हणजे आपले पंचच रे. माल बघायला त्यांना इथं यावं लागेल. नाही पटलं तर कोर्ट आहेच." आमच्या पाड्यांवर पंच तसेच बसतात, वस्तू समोर आल्याशिवाय तोंड उघडत नाहीत. मला ते पटलं आणि मी सही केली.

माल पोचला आणि पत्र आलं: हिरडा किडका, करार रद्द. मुंबईच्या बाजारात मी खोटा माल देणारा ठरलो. मला माझं नाव परत हवं होतं. पंतांनी ठाण्याच्या कोर्टात दावा लावला. तो हिरडा उंबरमाळीच्या सोनीबाईच्या पाड्यानं वेचला, वाळवला होता. ती साक्षीला आली, पदरात मूठभर हिरडा बांधून. समोरच्या वकिलानं फक्त ते कलम वाचलं. पंत घसा कोरडा पडेपर्यंत बोलले: लवाद मालाच्या भावापुरता आहे, माणसाच्या अब्रूपुरता नाही, साक्षीदार सगळे इथले... न्यायाधीशांनी शांतपणे ऐकून घेतलं. 'कोणताही वाद' यात हाही वाद येतो, म्हणाले. सही स्वखुशीची आहे, कोर्ट तुमचा करार बदलून देऊ शकत नाही. दावा स्थगित झाला. निकाल चुकीचा नव्हता, हे आता कळतं. तेव्हा अंगाची लाही झाली होती.

बाहेर येऊन सोनीबाईनं पदराची गाठ सोडली. "सायबानं हिरडा बघलाच नाय. नुसता कागुद बघला. मंग आमाला कशाला आणलं, वकीलसायेब?"

लंडनला जाणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. तिथल्या लवादानं आमच्या गैरहजेरीत आमच्याविरुद्ध निकाल दिला. त्यानंतर पंतांच्या हाती कुठलाही कागद आला, अगदी लग्नपत्रिकासुद्धा, की ते आधी पाठ बघायचे. माझ्याकडे चहाला येत राहिले. त्या दाव्याचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही. मला वाटायचं, केवढं मोठं मन माझं!

परवा पंतांच्या घरी वहिनींना भेटायला गेलो. त्या म्हणाल्या, "भाऊ, हे शेवटपर्यंत सांगायचे, 'माझ्या चुकीनं त्याचं नाव गेलं, पण त्यानं कधी बोल लावला नाही.'"

बोल लावला नव्हता, खरं आहे. पण "पंत, सही माझी होती," एवढंही मी त्यांना कधी म्हणालो नव्हतो.