समोरच्या खोलीतला माग

घर बांधताना मी गवंड्याला सांगितलं, की समोरच्या खोलीत खिडकीजवळ फरशी घालू नको, तिथे एक खड्डा सोड. माणूस काठावर बसून पाय आत सोडू शकेल एवढा. गवंडी छत्तीसगडकडचा होता. म्हणाला, "साहब, लोग गड्ढा भरवाते हैं, आप बनवा रहे हो. धन गाडना है क्या?"

खड्डा हातमागासाठी होता. माझे बाबा उमरेडचे विणकर. आमच्याकडे माग जमिनीतच मांडतात. विणणारा काठावर बसतो आणि खालच्या पावड्या पायांनी दाबत विणतो. माग आला तरच बाबा नागपूरला राहायला येतील, हे मला ठाऊक होतं. आणि त्यांच्याजवळ राहता यावं म्हणूनच मी फौज सोडून आलो होतो.

आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. उमरेडच्या शाळेतल्या गुरुजींनी बाबांना समजावलं, म्हणून मी मागावर न बसता नागपूरच्या कॉलेजात आलो. त्यांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. बाबा गांधीबागेच्या कापडबाजारात लुगडी विकायला येत, तेव्हा गाठोड्यात वरच्या बाजूला आईने माझ्यासाठी बांधलेल्या भाकरी असत. त्या भाकरींना सुताच्या खळीचा वास यायचा. पुढे फौजेत जवानांना लिहायला-वाचायला शिकवण्यासाठी शिकलेली माणसं हवी होती, तिथे मी भरती झालो. अंबाला, जम्मू, मग आसाम. कुठला म्हणून कोणी विचारलं की मी नागपूर सांगायचो, कारण उमरेड कोणालाच माहीत नसायचं. मग पुढचा प्रश्न ठरलेला, "संतरे लाया क्या?"

एकाहत्तरच्या हिवाळ्यात आई गेली. लढाईमुळे रजा बंद होत्या. तार हातात पडली तेव्हा तिचं तेरावंही उलटून गेलं होतं. आमच्या साहेबांनी मला तंबूत बसवून स्वतःच्या हाताने चहा दिला. तो चहा पितानाच मी मनाशी ठरवलं, की बाबांच्या वेळी मी जवळ असेन. पेन्शनपुरती नोकरी झाली आणि मी परतलो. माजी सैनिकांसाठीच्या राखीव जागेवर नागपुरात कचेरीत लागलो, उमरेड रोडला प्लॉट घेतला, घर बांधलं.

बाबा आले. माग टेम्पोतून आला, सोबत खळ लावून तयार केलेला एक ताणा, म्हणजे लुगड्याचे उभे धागे. माझ्या बायकोने त्यांच्याकडून धोट्यातल्या सुताच्या कांड्या भरायला शिकून घेतलं. धोट्याचा खटखट आवाज घरात सुरू झाला, आणि संध्याकाळी कचेरीतून येताना तो ऐकू आला की माझी पावलं आपोआप भरभर पडत.

तो ताणा संपला. नव्या ताण्याला खळ लावायची तर सूत गल्लीभर ताणून धरावं लागतं, आणि दोन्ही बाजूंनी चार-सहा माणसांनी कुंचे फिरवावे लागतात. उमरेडला ते काम अख्खी गल्ली मिळून करते. आज तुमचा ताणा, उद्या आमचा. आमच्या वस्तीत राहायचे कचेरीतले बाबू, एक मास्तर आणि एक रेल्वेचे गार्ड. तरीही एका रविवारी मी सगळ्यांना गोळा केलं. गार्डसाहेब खाकी हाफपँट घालून मोठ्या उत्साहाने आले. मास्तर कुंचा फळा पुसल्यासारखा फिरवत होते. तेवढ्यात कोणाच्या तरी म्हशी मधून गेल्या, ऊन चढलं, खळ वाळली आणि धागे एकमेकांना चिकटून बसले.

बाबा पोट धरून हसले. "फौज तं मोठी आणली गा तू! पण सारे साहेबच हायेत, शिपाई एकही नाही."

ते तसे हसले ते शेवटचंच. त्यानंतर मी घरी आलो की ते रिकाम्या मागावर पाय खाली सोडून बसलेले दिसत. रस्त्यावरून एसटी गेली की म्हणत, "उमरेडची गेली."

"बाबा, मी तिथून तयार ताणे आणून देत जाईन," मी म्हणालो.

"आणशील गा. पण मी भांडू कोणासंग? तिथं कुंचा जरासा वाकडा पडला तं शिव्या बसतात. इथं सारे 'नमस्ते काका' म्हणून राहिले मले."

मग मी मनातलं बोललो. आईच्या वेळी मी नव्हतो, म्हणूनच सगळं सोडून आलो, असं सांगून टाकलं. बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"मालूम हाय मले. पण तू माह्या मरणासाठी आला बाबू. मले तं अजून जगायचं हाय ना."

पुढच्या रविवारी मी स्वतः माग टेम्पोत चढवला आणि त्यांना उमरेडला पोचवून आलो. बायको दारात रडत होती. त्यानंतर दर रविवारी मी जायचो. त्यांच्या अंगात पुन्हा हुशारी आली होती. शेजाऱ्यांशी तावातावाने भांडायचे, आणि मला म्हणायचे, "बस चुकेल तुही, नीघ."

एका सोमवारी सकाळी गल्लीतला एक जण पहिल्या बसने आमच्या दारात आला. त्याचा चेहरा पाहूनच मी खाली बसलो.

मी पोचलो तेव्हा ताणा भिंतीशी गुंडाळून ठेवलेला होता. बाबा पहाटे सगळ्यांबरोबर कुंचा फिरवत होते. मध्येच शेजारच्या म्हाताऱ्या काकूंच्या ओट्यावर टेकले, ते उठलेच नाहीत. खळ वाळली असती म्हणून दोघातिघांनी रडत रडतच उरलेलं सूत पुरं केलं होतं. कोणाचाही राग मला आला नाही.

काकूंजवळ बसून मी विचारलं, "काकू, माझी आठवण काढली का हो त्यांनी?"

त्यांनी पदराने डोळे पुसले. "खोटं काहून सांगू बापा? 'तिकडची कोर कोरडी राह्यली, पाहा रे,' म्हणे. अन् टेकला."

त्या वेळी मी तासाभराच्या अंतरावर, माझ्या घरी होतो. कचेरीत जायचं म्हणून, फौजेतल्या सवयीने पहाटेच दाढी करत होतो.