लुगडं नेसून काढलेली धार

त्या दुष्काळात आमची म्हैस सोसायटीच्या चारा छावणीत होती. पहाटे माझी माय दोन्ही हातांची बोटं काखेत दाबून तिच्याजवळ बसायची. बोटं सुजून आखडलेली; मूठ वळायलाच तास जायचा. दूध संघाची गाडी काही तिच्या बोटांसाठी थांबणार नव्हती, आणि म्हैस दुसऱ्या कुणाला कासेला हात लावू देत नव्हती.

तालुक्याला संधिवातासाठी रक्त तपासलं, तर आरए फॅक्टर निगेटिव्ह. बापानं छावणीभर सांगितलं, "काई झालं न्हाई हिला. रिपोर्ट पार कोरा हाय." आनंदानंच सांगितलं, पण मला असा संताप आला म्हणता! मायला मग दुखतंय म्हणायचीही चोरी झाली. चार महिने ती मुकाट धार काढत राहिली.

शेवटी मीच भांडून तिला बीडला नेलं, बापालाही ओढलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी अँटी-सीसीपी नावाची दुसरी तपासणी केली. ती पॉझिटिव्ह आली. बाई म्हणाल्या, "रोगाशी लढायला रक्तात प्रतिपिंडं असतात. यांची काही प्रतिपिंडं आपल्याच सांध्यांना परकं समजतायत. पहिल्या तपासणीत ती दरवेळी सापडतातच असं नाही. आता हयगय केली तर बोटं कायमची वाकडी होतील." बाप खाली मान घालून ऐकत होता.

दुसऱ्या पहाटे तोच बादली घेऊन बसला. म्हशीनं लाथ झाडली. मग त्या मिशाळ गड्यानं धोतरावरून मायचं लुगडं गुंडाळलं, डोक्यावर पदर घेतला, आणि त्या वासानं म्हशीनं पान्हा सोडला. गडीमाणसं ही युक्ती करतात, पण आपल्या गोठ्यात. ह्यानं अख्ख्या छावणीसमोर केली. "नवरी कुठली बे?" कुणी विचारायचं. "नांदूरघाटची," तो मायचं माहेर सांगायचा.

पुढच्या खेपेला बाईंना म्हणाला, "म्हैस लुगड्याला फसती. ह्या प्रतिपिंडांला फसवायला काय नेसावं?"

"आठवड्यातून एकदा दिलेली गोळी चुकवू नका, एवढं पुरे," बाई हसून म्हणाल्या.

लुगडं दिवसा माय नेसायची, पहाटे तो. ते पिळावंही त्यालाच लागे. तीनेक महिन्यांनी एका सकाळी मायनं टँकरच्या पाण्यात ते बुचकळलं आणि स्वतःच पिळलं, थेंब थांबेपर्यंत. मला रडूच आलं.

"आता मी काढते धार," ती म्हणाली.

बापानं लुगडं घ्यायला हात पुढं केला. त्या चार महिन्यांत वाकलेली तिची करंगळी तशीच होती. त्यानं ती मुठीत धरली आणि म्हणाला, "धार माझ्याकडंच राहू दे."