एरंडीच्या पेंडीची धूळ

आमचे हे नांदेडला एरंडीच्या तेलगिरणीत कामाला. एरंडी तेलंगणातून ट्रकने येते, तेल टँकरने जातं. ग्रीसला, रंगाला, साबणाला, अगदी लिपस्टिकलासुद्धा. लिपस्टिकचं ऐकून माझ्या मैत्रिणींनी मला लग्नात लई चिडवलं होतं. यांचं काम मात्र पेंडीकडं. तेल काढून उरलेली पेंड दळायची आणि खत म्हणून पोत्यांत भरायची.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत मला दम लागायला लागला. हे कामावरून आले की शिंका, मग छातीत घरघर. माहेरी हदगावला गेले की मी ठणठणीत. परतले की पुन्हा तेच. सासूबाई म्हणाल्या, "नाटकं हायेत सगळी. नांदायचं न्हाई हिला." असा संताप आला! पण श्वास कोंडलेल्या माणसाला धड भांडता तरी येतं का? पिशवी भरली आणि हदगावची बस धरली. आता परत जायचंच नाही, असं ठरवूनच.

हे न्यायला आले ते ड्यूटी संपवून थेट, गिरणीच्याच कपड्यांत. आईच्या वांग्यांसाठी पेंडीचं पोतंही आणलेलं. हे ओसरीवर टेकले आणि मला खोकल्याची उबळ आली, ती थांबेचना. ओठ निळे पडले. आई भडकली, "काय करता हो पोरीला? तुम्हाला बघूनच जीव चाललाय तिचा!" यांचं तोंड एवढंसं झालं.

गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि यांना विचारलं, काम काय करता? मग उलगडा झाला. पेंडीची ही धूळ काहींना सोसत नाही, कपड्यांवरून आलेलीसुद्धा. हे एकटेच परत गेले. म्हटलं, झालं, नोकरी जड ठरली बायकोपेक्षा. मी खूप रडले.

बऱ्याच दिवसांनी एका दुपारी हे दारात उभे. नवे कपडे, डोकं तुळतुळीत.

आई दचकली, "अगं बाई, कोण गेलं?"

"कोणी न्हाई. केसांत धूळ राहती म्हणून काढले. पेंडीचं काम सोडलंय. तेलाच्या टाकीवर घेतो म्हणलेत, न्हाई घेतलं तर दुसरीकडं बघतो."

अंगणाच्या कडेलाच थांबून त्यांनी मला विचारलं, "येऊ का जवळ?"

मी मान हलवली. ते एकेक पाऊल टाकत आले, दर पावलाला थांबून माझा श्वास ऐकत.