मांडवीहून केलेला फोन

दादाला त्याच्या खराडीच्या कंपनीनं दोन वर्षांसाठी अमेरिकेला पाठवलं आणि तो तिथलाच झाला. लग्नानंतर वहिनीही तिकडे नोकरीला लागली. मग एका सकाळी, ऑफिसला निघता निघता, त्याचं हृदय थांबलं. आईबाबांचा व्हिसा होईपर्यंत वहिनी थांबली नाही. त्याचे अंत्यसंस्कार आम्ही धायरीच्या घरात लॅपटॉपसमोर बसून पाहिले. मध्येच चित्र अडकलं, तेव्हा आई त्या स्थिर चित्राकडेच बघत राहिली.

त्या दिवसापासून आईनं वहिनीशी बोलणं टाकलं. "चार दिवस कळ काढता आली नाही तिला?" एवढंच म्हणायची. वहिनीचा फोन आला की बाबा घ्यायचे आणि आई उठून स्वयंपाकघरात जायची.

दिवाळीत घर खायला उठलं, म्हणून मी दोघांना घेऊन कच्छला गेले. मांडवी हे जुनं बंदर. इथली गलबतं पूर्वी पार आफ्रिकेपर्यंत जायची. नदीच्या मुखाशी आजही लाकडी जहाजं बांधतात. बाबा एका अर्धवट सांगाड्याभोवती रेंगाळले. आई आणि मी गावाच्या कडेनं पुढं निघालो.

वाटेत एका ओट्यावर वीरगळांसारखे काही उभे दगड होते, गेलेल्यांच्या आठवणीचे. त्यांतल्या एकावर गलबत कोरलेलं होतं आणि एक म्हातारी तो दगड धूत होती. आईनं हिंदीत विचारलं, "कुणाचा हो?"

"सासऱ्यांचा," ती मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाली. "जहाजावर तापानं गेले. मी त्यांना पाहिलंसुद्धा नाही."

"म्हणजे इथं खाली...?"

"खाली काही नाही. जहाजाच्या तांडेलानं, म्हणजे कप्तानानं, त्यांना दर्यात सोडलं. परत आल्यावर सांगायला घरी आला. माणसं त्याला मारायला उठली, आणला का नाहीस म्हणून. सासूनं त्याला आत घेतलं, जेवायला वाढलं. म्हणाली, माझ्या माणसाजवळ शेवटी हाच होता. मला आता यालाच विचारायचंय."

त्या दगडासमोर आईनं हात जोडले आणि हलक्या आवाजात त्रिशरण म्हटलं. म्हातारीला त्यातलं काही कळलं नसावं, पण ते संपेपर्यंत तीही हात जोडून उभी राहिली.

संध्याकाळी लॉजच्या गॅलरीत आई म्हणाली, "तिला फोन लाव." वहिनीकडे तेव्हा सकाळ होती.

"मी बोलतेय," आई म्हणाली. "त्या दिवशी तो काय खाऊन निघाला होता गं?"

वहिनी रडायलाच लागली. मग बराच वेळ तीच बोलत होती. फोन स्पीकरवर होता; बाबा दारात उभे राहून ऐकत होते. "आई, त्याला शवागाराच्या त्या थंड खणात ठेवलं होतं," ती म्हणाली. "उघडून दाखवायचे आणि परत ढकलायचे. मला बघवेना हो, म्हणून नाही थांबले."

आईनं डोळे मिटले. "बरं केलंस, पोरी," ती म्हणाली.

उन्हाळ्यात वहिनी पुण्याला आली, आईच्या खोलीत झोपली. आईचं दुःख कमी झालं असं मी म्हणणार नाही. पण आता ती दादाविषयी बोलते, आणि बोलताना अडलं तर वहिनीला फोन लावून विचारते.